काठवालीचे कागद

काठवालीला खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता शोधून सापडणार नाही. कारखान्यात ती काठवाली, गल्लीत काठवाली, आणि नवऱ्याची लहर फिरली की घरातसुद्धा, "काय काठवालीबाई, आज जेवायला मिळणार की नुसत्या बशाच बघायच्या?" एकटी ताई तेवढी तिला छोटी म्हणायची. ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण. आई गेली तेव्हा ताई चौदाची आणि ही नऊची. हिच्या वेण्या घातल्या ताईने, शाळेत नेऊन बसवलं ताईने, पुढे कारखान्यात चिकटवलं तेही ताईनेच. वयाची अठ्ठेचाळीस उलटली तरी ताईच्या तोंडी छोटी ती छोटीच, आणि छोटीच्या लेखी ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच उभं आहे.

कारखाना चिनी मातीच्या भांड्यांचा. कप, बशा, किटल्या, मोठाल्या बरण्या. काठवाली काठाच्या खोलीत होती. बशी चाकावर ठेवायची, बोटाने टिचक्या मारत बरोबर मध्यावर आणायची, उजवं कोपर फळीवर टेकवायचं, ब्रश बशीच्या कडेला लावायचा आणि मग श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. फिरायचं ते चाकाने, डाव्या हाताच्या जोरावर. उजव्या हाताने हलायचं नाही. बशी एक फेरी घेते आणि निळी रेघ स्वतःला येऊन मिळते, सांधा दिसत नाही. नव्या बाईला त्या खोलीत पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतात, हात हलला की काठ गेला. काठवालीने ही गोष्ट बावीस वर्षं पाळली. दिवसाला तीनशे बशा! नवरा म्हणायचा, "बायकोचा हात एकदा ठेवला की हलत नाही. जिभेला मात्र कुणी असं वळण लावलं नाही."

तर एक दिवस मॅनेजर खोलीत आला आणि उभ्या उभ्याच सांगून गेला. काठाच्या छापील पट्ट्या निघाल्या आहेत, ओल्या करून चिकटवायच्या आणि भट्टीत घालायच्या, बस्स. सहा महिन्यांनी काठाची खोली बंद. सहाच्या सहा बायका पॅकिंगला जातील, कुणाची नोकरी जाणार नाही, काळजी नसावी. बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काठवालीने टाकला नाही. पॅकिंग म्हणजे खोक्यात गवत कोंबायचं, पट्टी मारायची आणि खोका उचलून पलीकडे ठेवायचा. ते काम वाईट असं नाही, पण त्याला काठवाली कशाला हवी? कुणीही चालेल. हातातला ब्रश गेला तर आपण कोण, हा प्रश्न तिला त्या दिवशी पहिल्यांदा पडला आणि जेवण गेलं नाही.

एक वाट होती. फुलांच्या खोलीत, जिथे भांड्यांवर वेलफुलं रंगवतात तिथे, एका म्हाताऱ्या बाईचे डोळे गेल्यात जमा होते, ती सहा महिन्यांनी निघणार होती. खुर्ची एक. त्या खुर्चीसाठी परीक्षा व्हायची. समोर एक वस्तू ठेवतात आणि ती बघून कागदावर काढायची. पट्टी नाही, कंपास नाही, खोडरबर नाही, नुसती पेन्सिल आणि हात. कामगारांनी अर्ज करावा, कामगारांच्या घरच्यांनी केला तरी चालेल.

आता फुलांच्या खोलीत पंधरा वर्षं कोण बसत होतं? ताई!

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं काठवालीला झालं. त्याच संध्याकाळी ती दोन गल्ल्या ओलांडून ताईकडे गेली. ताई कपडे घडी घालत होती. शेजारी ताईची मुलगी फोनवर काहीतरी बघत बसली होती. पोरगी चोवीसची, दुकानात लागली होती, दुकान बंद पडलं तेव्हापासून घरीच.

"ताई, मला चित्र काढायला शिकव."

ताईने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "तू बसणार परीक्षेला?"

"बसू नको?"

"बस की. मी कुठे नको म्हटलं?"

"रविवारी ते जुने ड्रॉइंग मास्तर शिकवतात म्हणे, फुकट. तिकडेही जाऊ का?"

तेव्हा मात्र ताई फाडकन बोलली. "मी मेलेय का? घरात पंधरा वर्षांची फुलवाली असताना तू लोकांच्या दारात शिकायला जाणार? चार लोक काय म्हणतील?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "रोज घरी काढ, संध्याकाळी मला आणून दाखव. मी बघते."

काठवालीचे डोळे भरून आले. जुन्या मास्तरांचं नाव तिने त्या दिवशी डोक्यातून काढून टाकलं.

कागदाचा प्रश्न नवऱ्याने सोडवला. तो छापखान्यात बाइंडिंगला होता. कटिंगमध्ये मोठ्या कागदांच्या कडा निघतात, दोन्ही बाजूंनी कोऱ्या, वहीच्या पानापेक्षा थोड्या रुंद. तो गठ्ठाच घेऊन आला. "घे, काढ किती काढायचं ते. पण माझं चित्र काढू नकोस, आहे ते तोंड पुरे झालं."

पहिल्या दिवशी ताईने सांगितलं, सरळ रेघा काढ, पानभर. काठवालीने काढल्या. दुसऱ्या दिवशी गोल. तिसऱ्या दिवशी पान, झाडाचं. आणि इथेच ती गोष्ट झाली जी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालीच नसती. पानाची कड वळायला लागली की काठवालीचा डावा हात आपोआप कागदाला जायचा आणि कागद फिरवायचा. पेन्सिल जागच्या जागी, कागद फिरतोय. कपाचा कान काढायचा, कागद फिरव. किटलीचं पोट काढायचं, कागद पूर्ण एक फेरी. तिला यात काही वेगळं वाटलंच नाही. बावीस वर्षं दुसरं केलं काय होतं? आणि रेघ अशी यायची म्हणता, गुळगुळीत, कुठे कापरेपणा नाही.

ताईसमोर बसून तिने पहिलं पान असं काढलं तेव्हा ताई बघत राहिली. बराच वेळ. काठवालीला वाटलं काहीतरी चुकलं.

"काय गं?"

"काही नाही," ताई म्हणाली. "छान आहे."

तेव्हापासून रोज छान. कारखाना सुटला की काठवाली घरी यायची, कुकर लावायची, कुकर होईतो एक कागद काढायची, आणि चपला पायात अडकवून ताईकडे पळायची. ताई कागद हातात घ्यायची, लांब धरायची, म्हणायची, "छान. उद्या किटली काढ." कधी म्हणायची, "छान, सुधारलीस." कागद मात्र परत द्यायची नाही. "राहू दे माझ्याजवळ. शेवटी सगळे एकत्र लावून बघू, कुठून कुठे आलीस ते." केवढी माया! काठवाली परत येताना रस्त्यात एकटीच हसायची. हिरवा दिवा लागला तरी रस्ता ओलांडायचं भान राहायचं नाही, मागचा माणूस ओरडायचा.

घरात तिने नवऱ्याला सळो की पळो करून सोडलं. पाण्याचा ग्लास हलवायचा नाही, काढतेय. कंगवा तिथेच राहू दे, काढतेय. चष्मा दोन मिनिटं दे. नवरा बिचारा आंधळ्यासारखा बसून राहायचा. एकदा तो सहज म्हणाला, "चार महिने झाले शिकतेस. ताईने एक चूक काढली नाही?"

"चुकलं तर काढेल ना."

"मला तर छापखान्यात वीस वर्षं झाली, फोरमन अजून रोज झाडतो. शिकवणारा माणूस शिव्या दिल्याशिवाय कसा राहील?"

"सगळ्यांचं शिकवणं तुमच्या फोरमनसारखं नसतं," काठवाली म्हणाली. "माझ्या बहिणीला माझं कौतुक आहे, त्याने तुमच्या पोटात का दुखतं?"

पण शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दुसऱ्या दिवशी तिने ताईला विचारलं. "ताई, खरं सांग हं. काही चुकत असेल तर बोल. मला राग नाही येणार."

ताईने कागद बघत बघत म्हटलं, "चुकत असतं तर सांगितलं नसतं का?"

झालं. विषय संपला. भाची तेव्हा आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं होतं आणि आतून टकटक आवाज येत होता, भिंतीवर काहीतरी ठोकल्यासारखा. काठवालीने विचारलं, "काय करतेय गं ती?" ताई म्हणाली, "काय करणार, आरसा लावतेय. दिवसभर आरसा आणि फोन, आणखी काय आहे तिला?" दोघी बहिणी हसल्या.

परीक्षेच्या दिवशी काठवाली धुतलेली साडी नेसून गेली. फुलांच्या खोलीत ती बावीस वर्षांत एकदाही आत गेली नव्हती. तिथे धूळ चालत नाही, म्हणून बाहेरच्यांना मज्जाव. दारात पाच जणी उभ्या होत्या. तीन पॅकिंगमधल्या, एक ही, आणि पाचवी भाची.

"तू?"

"अगं मावशी, मी पण बसतेय ना." पोरगी हसली. "आईने सांगितलं नाही तुला? म्हणाली सांगितलंय."

ताईने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. पण बहिणीची बाजू घेण्याची चाळीस वर्षांची सवय, ती अशी एका मिनिटात कशी जाईल? राहिलं असेल सांगायचं, कामाच्या गडबडीत. बसली पोरगी तर बसू दे, बिचारीला काय येतंय! तिने भाचीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "घाबरू नकोस हं. जमेल तेवढं काढ."

दार उघडलं. आत माणसाच्या छातीएवढ्या बरण्या रांगेने उभ्या, आणि बायका उंच स्टुलांवर बसून त्यांच्या पोटावर वेली काढत होत्या. बरणी जागची हलत नव्हती. बाई खांद्यापासून हात फिरवत होती, वेल वर, वेल खाली, गरज पडली तर स्टूल सरकवून दुसऱ्या बाजूला. ताई पलीकडच्या टोकाला पाठ करून बसली होती. तिने वळून बघितलं नाही.

पाच फळ्या भिंतीला उभ्या लावलेल्या होत्या. फळीवर कागद, कागदाच्या चारी कोपऱ्यांना टाचण्या. समोर टेबलावर एक सुरई.

काठवाली फळीसमोर उभी राहिली. पेन्सिल लावली. सुरईच्या गळ्याची रेघ खाली उतरली, पोटापाशी वळायला लागली, आणि डावा हात कागदाला गेला. कागद हलेना. तिने टाचणीला नख लावलं.

"अहो बाई, काय करताय?" मुकादम बाई होत्या, खोलीच्या प्रमुख.

"कागद सोडते जरा."

"सोडायचा नाही."

"पण मग वळवणार कसा?"

मुकादम बाईंना आधी समजलंच नाही. मग समजलं आणि त्या हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण हसल्या. "उद्या मणभर वजनाची बरणी अशीच फिरवणार का हो मांडीवर घेऊन? हात फिरवा, हात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

हात फिरवायचा! बावीस वर्षं ज्या हाताला हलू दिलं नाही तो आता अर्ध्या तासात फिरायचा होता. काठवालीने जोर केला. रेघ पोटापाशी गेली आणि थरथरायला लागली. तिने मान वाकडी केली, मग कमरेतून वाकली, मग फळीच्या एका बाजूला जाऊन उलटी उभी राहिली. पॅकिंगमधल्या एकीला हसू आवरेना. डाव्या हाताचं काय करावं ते कळेना, तो मधूनच वर यायचा, कागद चाचपायचा आणि खाली जायचा. घामाने पेन्सिल सटकत होती. शेजारच्या फळीवर भाची हात लांब करून पेन्सिल डोळ्यांसमोर धरत होती, सुरईची उंची मोजत होती, आधी ठिपके देत होती आणि मग सबंध हात खांद्यापासून सोडून एका दमात रेघ ओढत होती. तिची सुरई काही सुंदर नव्हती. एक खांदा उतरलेला होता. पण सुरई होती. काठवालीच्या कागदावर जे होतं त्याला सुरई म्हणायला दया लागली असती.

निकाल तिथल्या तिथे लागला. खुर्ची भाचीला.

काठवाली घरी आली, कुकर लावला आणि कुकरसमोर बसून राहिली. शिट्ट्या किती झाल्या मोजल्या नाहीत. हरल्याचं दुःख होतंच, पण ते बाजूला सारून एकच गोष्ट घोळत होती. ताईला माहीत होतं. पंधरा वर्षं त्या खोलीत बसणाऱ्या बाईला बरणी फिरत नाही हे माहीत नसेल? पण मग का नाही बोलली? तिने स्वतःला चार उत्तरं दिली. एकही पटलं नाही. मग नवऱ्याने येऊन गॅस बंद केला आणि तो पहिल्यांदाच काही थट्टा न करता तिच्याजवळ बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ताईकडे गेली. भांडायला नव्हे. खरं सांगायचं तर तिला एवढंच हवं होतं की ताईने म्हणावं, छोटे, माझ्या लक्षातच नाही आलं गं. एवढं म्हटलं असतं तर ती तिथेच विसरून गेली असती. माणूस फसायला किती तयार असतो बघा!

ताई अजून कारखान्यातून आली नव्हती. भाची घरी होती, खुशीत. "मावशी, तुला वाईट वाटलं का गं?"

"नाही गं. तुला मिळाली म्हणजे घरातच राहिली." असं म्हणायचं असतं म्हणून काठवाली म्हणाली. "माझे कागद देतेस? आईने ठेवलेत."

"हो, थांब." पोरगी आत गेली आणि गठ्ठा घेऊन आली. पाच महिन्यांचे कागद, दोरीने बांधलेले. काठवालीने दोरी सोडली. वरच पहिलं पान, तिने काढलेलं, गुळगुळीत. प्रत्येक कागदाच्या चारी कोपऱ्यांना भोकं होती. तिने कागद उलटला.

मागे दुसरं चित्र होतं. तेच पान, पण वाकडंतिकडं, फाटक्या रेघांचं. आणि त्यावर लाल पेन्सिलीने ताईचं अक्षर. "मनगटातून नको, खांद्यातून."

दुसरा कागद उलटला. "आधी उंची मोज. डोळा मिटून पेन्सिल लांब धर."

तिसरा. "कान पोटाला कुठे चिकटतो ते बघ. बघून काढ, आठवून नको." चौथ्यावर सबंध किटली लाल रेघांनी दुरुस्त केलेली. पाचव्यावर नुसत्या शिव्या. "लक्ष कुठे आहे तुझं? परत काढ." प्रत्येक कागदाच्या पुढे काठवालीची किटली, कप, कंगवा, नवऱ्याचा चष्मा, आणि मागे तीच वस्तू, त्याच दिवशीची, लाल.

"तू कागद परत नेत नव्हतीस ना," भाची म्हणाली, "मग आई म्हणाली मागची बाजू कोरी आहे, वाया कशाला घालवायची. मी आत फळीवर लावून काढायचे. आई काय बोलायची गं मला! रडवायची रोज. मी म्हणायचे, मावशीला कशी छान छान म्हणतेस, मला का नाही?"

"मग काय म्हणायची?"

"म्हणायची, तुला नंतर कळेल."

काठवालीच्या हातात दहावा-अकरावा कागद होता. त्याच्या मागे लिहिलं होतं, "कागद हलवायचा नाही. मावशीसारखं करशील तर जन्मात यायचं नाही."

तिने ते तीनदा वाचलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि तेही तिच्याच कागदाच्या पाठीवर लिहून.

तेवढ्यात ताई आली. दारातच तिला गठ्ठा दिसला, उलटलेले कागद दिसले, आणि ती चपला काढता काढता थांबली. मुलीला म्हणाली, "जा, दूध घेऊन ये." मुलगी दोघींकडे बघत गेली.

"तुला माहीत होतं," काठवाली म्हणाली.

ताईने दुसरी चप्पल काढली.

"पहिलं पान काढलं तेव्हाच माहीत होतं. मी कागद फिरवला आणि तू बघत राहिलीस."

"हो."

"नीट शिकवायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतंस. मी मास्तरांकडे गेले असते."

"गेली असतीस तर शिकली असतीस," ताई म्हणाली. "तुझा हात तिच्यापेक्षा दसपट चांगला आहे. एकदा सांगितलं असतं ना, कागद सोड, खांदा वापर, तर महिन्याभरात तू तिला मागे टाकलं असतंस. माझी पोरगी वर्षभर घरात बसून आहे, छोटे. कुणी घेत नाही तिला. तुला पॅकिंग तरी आहे. तिला काय आहे?"

काठवालीला रडू येत होतं, पण राग त्याहून मोठा होता. "अगं, मग मागायची होतीस! तोंडाने म्हणायचं होतंस, छोटे, ही जागा पोरीला सोड. मी अर्जसुद्धा केला नसता. ताई, तू मागितलीस आणि मी नाही म्हटलं असं एकदा तरी झालंय का गं?"

"नाही झालं."

"मग?"

ताईने वर बघितलं. "म्हणूनच नाही मागितली. लहानपणापासून मी तुला दिलंय. आता तुझ्याकडे पदर पसरायचा आणि जन्मभर तुझे उपकार घेऊन बसायचं? ते मला जमलं नसतं."

म्हणजे बहिणीसमोर हात पसरण्यापेक्षा बहिणीला फसवणं सोपं वाटलं. काठवालीने कागद गोळा केले, सुलटे-उलटे न बघता, आणि दोरी बांधायला लागली. गाठ बसेना.

"ते कशाला नेतेस?" ताई म्हणाली. "झालं ते झालं. जाळून टाकू."

"कागद माझे आहेत," काठवाली म्हणाली. "त्यांच्या पाठीवर जे शिकवलंयस ते मला कुठे कुणी शिकवलंय अजून?"

ती गेली. जिन्यात भाची भेटली, दुधाची पिशवी हातात. मावशीने तिच्या गालाला हात लावला आणि वाट धरली. त्या पोरीचा काय दोष?

महिनाभराने काठाची खोली बंद झाली आणि काठवाली पॅकिंगला गेली. बायका अजून काठवालीच म्हणायच्या, काठ राहिला नाही तरी. घरी तिने नवऱ्याकडून स्वयंपाकघराच्या भिंतीला एक फळी ठोकून घेतली. कारखान्यातून आली की कुकर लावायचा, गठ्ठ्यातला एक कागद काढायचा, मागची बाजू वाचायची आणि कोरा कागद फळीवर टाचून तसं करायचं. डावा हात सारखा मध्ये यायचा, म्हणून तिने तो पदराने कमरेला बांधला. नवरा बघायचा आणि म्हणायचा, "एका हाताने स्वयंपाकही होईल का आता?" पण दोन दिवसांनी तो स्वतःच पोळ्या लाटायला लागला, नकाशे नकाशे करून. आठवडे गेले. खांदा दुखला, मग दुखायचा राहिला. रेघ थरथरली, मग थोडी कमी थरथरली. कागदावर लाल अक्षरात "परत काढ" असलं की काठवाली परत काढायची, निमूटपणे, जणू तिलाच सांगितलंय.

एका संध्याकाळी ती किटली काढत होती. ठिपके दिले, उंची मोजली, हात खांद्यापासून सोडला, आणि किटलीचं पोट एका दमात वळून खाली येऊन मिळालं. कागद जागचा हलला नव्हता. तिने मागे सरून बघितलं. किटली होती! नुसती बघून काढलेली, आपल्या हाताने, पहिली. आनंदाने तिला काही सुचेना. तिने टाचण्या काढल्या, कागद हातात घेतला, गॅस बारीक केला, चपला पायात अडकवल्या आणि दार उघडून दोन पायऱ्या उतरली.

तिसऱ्या पायरीवर तिला आठवलं की आता दाखवायचं कुणाला.

ती तिथेच थोडा वेळ उभी राहिली. वरून नवऱ्याने विचारलं, "काय गं, काही आणायचं राहिलं का?" ती नाही म्हणाली, परत वर आली आणि चपला काढून दाराआड ठेवल्या.